'इलीगल'मध्ये दोन 'एल' का?

नकारार्थी इंग्रजी शब्द लिहिताना माझी हमखास चूक व्हायची. 'इररेग्युलर'च्या जागी 'अनरेग्युलर', 'इलीगल'मध्ये एकच 'एल'. यादी पाठ केली, ती महिनाभरात विसरलो.

उलगडा झाला तो मुलीचा संधीचा अभ्यास घेताना. उत् + लेख = उल्लेख. 'त्'चा 'ल्' झाला. लॅटिनमधून आलेला 'इन' हा उपसर्ग अगदी हेच करतो! 'इन' + 'लीगल': 'न'चा 'ल' होतो, म्हणून दोन 'एल'. 'र'पुढे 'र', म्हणून 'इररेग्युलर'मध्ये दोन 'आर'. 'प', 'ब', 'म'च्या आधी 'म': इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इममॅच्युअर. 'संपर्क' म्हणताना अनुस्वाराचा 'म्' होतो, तसंच.

'अन' मात्र मूळचा इंग्रजी, तो कुणापुढे बदलत नाही: अनलॉफुल, अनरिअल, अनपॉप्युलर. शेवटी 'ईडी' किंवा 'आयएनजी' असलेल्या विशेषणांना बहुधा 'अन'च लागतो, जसं 'अनफिनिश्ड'. काही जोड्यांनी मात्र मला बराच काळ छळलं: 'अनेबल', पण 'इनॅबिलिटी'. 'अनजस्ट', पण 'इनजस्टिस'. अशा जोड्या वहीत वेगळ्या लिहून ठेवल्या, त्यांना दुसरा इलाज नाही.

आणि 'इम्पोर्ट'मधला 'इम' नकाराचा नाही, तो 'आत' या अर्थाचा. संधी तीच, अर्थ वेगळा.

सगळ्यात आनंद झाला तो हे कळल्यावर, की आपल्या 'अनादर', 'अनंत'मधला 'अन्', इंग्रजीचा 'अन' आणि लॅटिनचा 'इन' हे एकाच मुळातून फुटलेले आहेत.