रडारवर ‘गूढ ठिपका’ दिसला की या चुका टाळा

आमच्या कराडकडं फौजेतनं रिटायर होऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. मी हवाई दलात २० वर्षं रडारवर काढली तरी गावात मेजरच. आणि आकाशात काय चमकलं किंवा मोबाईलवर ‘लष्कराच्या रडारवर यूएफओ’ असला व्हिडिओ फिरला की संध्याकाळी पोरं माझ्या ओट्यावर हजर. पोरांची उत्सुकता मला आवडते, पण त्याच त्याच चुका ऐकून जीव विटलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली चूक, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार: दोन ठिपके जोडून वेग काढणं. ‘वस्तू ताशी ३-४ हजार किलोमीटरनं गेली, असं विमानच नाही’ हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत असतंय. आता रडारचा अँटेना मिनिटाला ६ फेऱ्या मारत असेल तर एक जागा त्याला १० सेकंदातनं एकदाच दिसते. मधल्या १० सेकंदात काय झालं ते त्याला माहीतच नसतंय. आधीचा ठिपका इथं, पुढच्या फेरीतला ९ किलोमीटर पलीकडं, आणि दोन्ही एकाच वस्तूचे हे आपण ठरवलं की झाला ताशी ३,२४० किलोमीटर वेग. तो वेग रडारनं मोजलेला नाही, आपण जोडलेल्या रेषेनं दिलाय.

मी २२ वर्षांचा होतो, गुजरातच्या किनाऱ्यावर एका युनिटमध्ये. एप्रिलची रात्र, वारा पडलेला, नी स्क्रीनवर ४० किलोमीटरच्या आसपास ठिपके उड्या मारायला लागले. आयएफएफला, म्हणजे ‘आपला की परका’ विचारणाऱ्या सिग्नलला, उत्तर नाही, एडीसी नंबर, म्हणजे हवाई दलाच्या उड्डाण परवानगीचा नंबर, नाही, म्हणजे त्या जागी परवानगी घेऊन उडणारं कुणी नाही. मी थेट फोन उचलून ‘अनआयडेंटिफाइड, हाय स्पीड’ सांगून मोकळा झालो आणि दहा मिनिटांत शेजारच्या स्टेशनपर्यंत झोपलेली माणसं उठली. आमचे वॉरंट ऑफिसर आले, ते आधी स्क्रीनकडं आलेच नाहीत, दार उघडून बाहेर दोन मिनिटं उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी पीआरएफ बदलायला लावला, म्हणजे सेकंदाला किती पल्स (रेडिओ लहरींचे झटके) सोडायच्या तो आकडा. १,००० वरनं ९०० केला आणि ४० वर असलेला एक ठिपका २३ वर येऊन बसला. ४० वर खरंच वस्तू असती तर ठिपका जागचा हलला नसता. सेकंदाला १,००० पल्स सोडल्या की रडारचा हिशोब १५० किलोमीटरपर्यंतच खरा असतो, त्यापलीकडनं परत आलेली लहर पुढच्या पल्सच्या खात्यात जाते. ती वस्तू होती १९० किलोमीटरवर, दिसत होती ४० वर.

मग त्यांनी माझ्या हातात ग्रीस पेन्सिल दिली. काचेवर प्रत्येक फेरीचा ठिपका मांडायचा, बाजूला घड्याळातली वेळ लिहायची, आणि रेषा अजिबात ओढायची नाही. अर्ध्या तासात दिसलं की पाच-सहा ठिपके आपापल्या जागी जवळजवळ उभेच आहेत, फक्त एक विझतो तेव्हा दुसरा पेटतो. लांब समुद्रातली जहाजं होती ती, एरवी क्षितिजाखाली असल्यानं कधीच न दिसणारी. तेव्हापासनं माझी सवय एकच, आधी वेळ लिहायची, मग जागा, आणि वेगाचा शब्द अर्धा तास तोंडातनं काढायचा नाही. शॉर्टकटवाल्या पोरांना हे अर्धा तासच जड जातंय.

दुसरी चूक, हवेकडं न बघणं. डिसेंबरात पहाटे कृष्णाकाठच्या गुऱ्हाळाचा धूर बघा. सरळ वर चढतो आणि एका उंचीवर झाकण लागल्यासारखा आडवा होऊन नदीवर पसरतो. खाली गार हवा, वर उबदार, त्यामुळं ते झाकण. असा थर पडला, त्यात वरची हवा कोरडी असली, की रडारचा किरणही सरळ न जाता जमिनीकडं वाकतो नी लांबचे डोंगर, इमारती, जहाजं स्क्रीनवर आणून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा दिसला होता, हजार मैलांहून लांबचा!

१९५२ च्या जुलैत वॉशिंग्टनवर लागोपाठ दोन शनिवार-रविवार रडारवर असेच ठिपके आले, एफ-९४ जेट उडवली, आणि २९ जुलैला अमेरिकी हवाई दलाचे मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पत्रकारांना तापमानाच्या उलट्या थराचं कारण सांगितलं. काही कंट्रोलरना ते पटलं नव्हतं, आणि त्यांचंही म्हणणं नोंदीत राहिलं हे मला योग्यच वाटतं. पण तपासणाऱ्यानं त्या रात्री हवामानाच्या बलूननं मोजलेलं तापमान आधी मागवायचं, विमान नंतर उडवायचं की आधी हा कमांडरचा प्रश्न.

बाकीच्या पटापट.

ग्रह विसरणं. २०१२-१३ मध्ये लडाखात जवानांनी ३२९ वेळा अनोळखी प्रकाश नोंदवले, चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी तपासलं तर शुक्र आणि गुरू निघाले. ताऱ्यांच्या तुलनेत ते कसे सरकतात ते लिहून ठेवलं म्हणूनच उलगडलं.

बलून विसरणं. हवामान खात्याचे रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सुटतात.

फिरतंय म्हणजे उडतंय समजणं. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आहेत ना, त्यांच्या पात्याचं टोक चांगलंच जोरात फिरतं, त्यामुळं जागेवर थांबलेल्या वस्तू गाळणाऱ्या फिल्टरमधनंही ते सुटतं. आपल्याकडं रात्री पठारावर लाल दिवे दिसले की आधी पवनचक्की कुठं आहे ते बघत जा रे पोरांनो.

फिल्टर न विचारणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी बलून पाडल्यावर अमेरिकेनं रडारचं सेटिंग बदलून हळू, लहान वस्तूही दाखवायला लावल्या, आणि लगेच आणखी तीन वस्तू सापडून पाडल्या गेल्या. आकाश तेच होतं, गाळणी बदलली होती.

आणि शेवटची, उलट्या बाजूची चूक, जी आमच्यासारखे जुने लोक करतात: काहीतरी कारण चिकटवून फाईल बंद करणं. अमेरिकी हवाई दलाच्या यूएफओ तपासानं, प्रोजेक्ट ब्लू बुकनं, १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ अनोळखीच राहिल्या आणि तसंच लिहिलं. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर काहीतरी दिसलं, काही तास विमानं थांबली, राफेल गेली, त्यांना काही सापडलं नाही. ते नक्की काय होतं असं पोरं विचारतात. मी सांगतो, ओळख पटली नाही. मग ती म्हणतात, मेजर, तुमचा अंदाज सांगा की. अंदाज मी लॉगबुकात कधी लिहिला नाही. आमच्या त्या युनिटच्या लॉगमध्येही दोन रात्री तशाच उघड्या आहेत, वेळेसकट.