बाळासारखी निर्मळ जाणीव हवी आहे? मग या चुका टाळा

ठाण्यात सकाळी सहाला तलावपाळीच्या कट्ट्यावर किंवा उपवनच्या काठाला ध्यानाला बसणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण एकच असते : डोक्यातले शब्द थांबत नाहीत. भाषा शिकण्याआधीची, 'मी' आणि 'माझं' सुरू होण्याआधीची जाणीव हवी, म्हणून ते शब्दांशी झटत बसतात. बहुतेक साधकांची गाडी इथेच अडते.

शब्द बंद करायला जाणं

शिकलेली भाषा ठरवून बंद करता येत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये 'पुढील स्टेशन, घणसोली' ऐकू आलं की नुसता आवाज ऐकायचा, अर्थ लागू द्यायचा नाही, असं करून बघा. जमणार नाही, कारण अर्थ आपण लावत नसतो, तो लागतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवून दिलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बराचसा कळेनासा होतो. भाषा पहिल्या वर्षातच कान घडवते. हे उलटं फिरवायची अद्वैताला, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी एकच जाणीव मानणाऱ्या वेदान्ताला, गरजही नाही.

मीमांसक (वेदांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या दर्शनाचे) कुमारिल भट्टांनी प्रत्यक्ष ज्ञानाचा पहिला क्षण निर्विकल्प, म्हणजे नाव न जोडलेला, मानला आणि त्याची तुलना थेट बाळाच्या ज्ञानाशी केली. म्हणजे तो क्षण मोठ्या माणसाच्याही प्रत्येक पाहण्या-ऐकण्यात असतो. भाषेचे तत्त्वज्ञ भर्तृहरींना हे मान्य नाही. शब्दाशिवाय ज्ञानच नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद जुना आणि खोल आहे, पण साधकाने तो पुस्तकात न सोडवता स्वतः तपासावा.

तपासायचं असं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की पाच मिनिटं नुसतं ऐका. (उभ्याने, गर्दीत नको. गाडी चालवताना तर मुळीच नको.) पंख्याचा आवाज आला आणि मागोमाग 'पंखा' हा शब्द आला, तर येऊ द्या. मग एवढंच पाहा : शब्द यायच्या आधी आवाज कळला होता का? आणि ज्या जाणिवेत आवाज कळला, तिच्यातच शब्दही कळला, की त्यासाठी वेगळं कोणी आलं? उत्तर मनात जुळवू नका. पुढच्या आवाजाकडे वळा. एका आवाजाला अर्धा मिनिट पुरे. दिवसातून दोनदा केलं तरी चालतं. अर्धा तास ओढलंत तर त्याचा विचारच सुरू होतो.

नाव आल्याने काही बिघडत नाही. नाव आलं की पाहणं संपतं, तिथे बिघडतं. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला रोहित पक्षी चरायला उतरतात. 'फ्लेमिंगो!' म्हटलं की मोबाइल वर जातो. तो खिशातच ठेवा आणि एकाच पक्ष्याची चोच बघा : मान पूर्ण वाकलेली, चोच उलटी, वरचा भाग खाली, आणि आतली जीभ पाणी ओढून बाहेर टाकत असते, त्यामुळे चोचीभोवती पाणी सारखं हलतं. 'फ्लेमिंगो' हा शब्द तेव्हाही मनात असेल. असू द्या.

बाळाला सिद्ध समजणं

तान्ह्या बाळात अहंकार दिसत नाही, कारण तो अजून तयार झालेला नसतो. आरशातलं रूप आपलंच आहे हे मुलांना साधारण दीड वर्षाच्या सुमारास कळू लागतं. पण भूक लागली की बाळ तळमळतं आणि त्या तळमळीकडे पाहण्याची सोय त्याच्यापाशी नसते. बृहदारण्यक उपनिषदात क्रम स्पष्ट आहे : आधी पांडित्य, मग बाल्य, मग मौन. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्य सांगतात की बाल्य म्हणजे मुलासारखं वाटेल तसं वागणं नव्हे. दंभ, दर्प आणि स्वतःचं प्रदर्शन नसणं. बोबडं बोलून किंवा जबाबदाऱ्या टाकून ते येत नाही. 'मी कर्ता नाही' म्हणत आईचं औषध आणायचं राहिलं, तर त्यात अद्वैत कुठेच नाही. व्यवहाराच्या पातळीवर कर्तव्य उरतंच, हे शंकराचार्यांच्या मांडणीतही आहे.

गुंगीला शांती म्हणणं

ऑफिसहून आल्यावर बसलं की मान डुलते, शब्द थांबतात आणि वाटतं, साधलं. हा लय आहे, म्हणजे मन झोपेत बुडणं. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांची कारिका (श्लोकबद्ध ग्रंथ) सरळ उपाय देते : लयात गेलेल्या चित्ताला जागं करा, विखुरलेल्याला शांत करा, आणि तिथल्या सुखाची चव घेत बसू नका. जेवणानंतर दोन तास ध्यानाला बसू नका, डोळे अर्धे उघडे ठेवा, मान डुलली की उठून दहा मिनिटं चाला. कालची छान बैठक आज परत आणायची धडपडही सोडा.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. जग खोटं, काचेपलीकडचं वाटणं, स्वतःचं शरीर परकं वाटणं, त्यासोबत भीती किंवा झोप उडणं, हा 'मी' विरघळल्याचा पुरावा नव्हे. सराव लगेच थांबवा, वेळेवर जेवा, माणसांत राहा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

घरात बाळ असेल तर

त्याची निर्मळता टिकावी म्हणून त्याच्याशी कमी बोलणं ही सगळ्यांत वाईट चूक. भाषा आपुलकीच्या बोलण्यातूनच येते. आंघोळ घालताना, भरवताना भरपूर बोला. ते पाहत असेल त्याच वस्तूचं नाव घ्या आणि त्याच्या हुंकाराला उत्तर द्या. वर्षाचं होऊनही बाळ 'बाबा', 'दादा' असे आवाज काढत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या.