क्लाउड सीडिंग आणि डोंगरावरचा बर्फ: या चुका टाळा

अमेरिकेतल्या आयडाहो, वायोमिंग, युटा, कोलोरॅडो या राज्यांत हिवाळ्यात डोंगरांवरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडून बर्फ वाढवण्याचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यात स्कीइंगपेक्षा पाण्याची चिंता मोठी. डोंगरावर साठलेला बर्फ वसंतात वितळतो आणि त्यावर धरणं भरतात. आपल्याकडे अशी बातमी आली की दोनच सूर लागतात. एक म्हणतो माणसाने निसर्गावर मात केली, दुसरा म्हणतो सगळी धूळफेक. ढगात नेमकं काय घडतं ते पाहिलं, तर दोन्ही सूर खाली येतात.

डोंगराला अडून हवा वर चढते, थंड होते आणि ढग तयार होतो. त्यातले बारीक थेंब शून्याखाली गेले म्हणून लगेच गोठत नाहीत. अगदी शुद्ध थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. खडीसाखरेला जसा दोरा लागतो, तसा या थेंबांना गोठायला आधार लागतो. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांची रचना बर्फाच्या स्फटिकाशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे ते हा आधार देतात. एकदा स्फटिक तयार झाला की आजूबाजूची वाफ त्याच्यावर बसत जाते, थेंब आटतात, स्फटिक जड होऊन खाली येतो. म्हणजे सीडिंग नवं पाणी आणत नाही. ढगात नुसतंच तरंगत डोंगर ओलांडून पलीकडे निघालेलं थोडं पाणी ते अलीकडे उतरवतं.

चूक: ढग नसताना सीडिंगची मागणी

२०२४च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ बर्फाविना कोरडं होतं. पर्यटकांनी बुकिंगं रद्द केली आणि "मग कृत्रिम बर्फ का पाडत नाहीत?" हा प्रश्न लगेच आला. हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची प्रणाली, आणि त्या महिन्यात तेच दुबळे होते. ज्या ढगात पाणी नाही त्यात कितीही फ्लेअर (सिल्व्हर आयोडाइड सोडणाऱ्या जळत्या नळ्या) जाळा, उपयोग शून्य. दिल्लीत २८ ऑक्टोबर २०२५ला आयआयटी कानपूरने विमानातून प्रयोग केला, तेव्हा ढगांत आर्द्रता जेमतेम १० ते १५ टक्के होती. नाव घेण्याजोगा पाऊस झाला नाही. ही अडचण रसायन बदलून सुटणारी नव्हती.

चूक: जितकी थंडी जास्त तितकं बरं, असं समजणं

सिल्व्हर आयोडाइड साधारण उणे ५–६ अंशांच्या खाली काम करू लागतं. त्याहून उबदार ढगात ते निरुपयोगी. ढग फार थंड असला तरी काम होत नाही, कारण तिथे निसर्गानेच भरपूर स्फटिक तयार केलेले असतात आणि उतरवायला द्रव पाणी उरलेलं नसतं. उपयोगाचा पट्टा मधला, आणि त्यात न गोठलेलं पाणी असायलाच हवं. नुसतं तापमान बघून निर्णय घेणारा अर्धाच अंदाज घेत असतो.

चूक: सोलापूर-मराठवाड्याची मोजपट्टी इथे लावणं

मराठी वाचकाची ही हमखास चूक. आपण "कृत्रिम पाऊस" ऐकला तो दुष्काळी भागातल्या पावसाळी ढगांच्या संदर्भात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांवरच्या कॅपेक्स प्रकल्पात सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात जे प्रयोग केले, त्यांत प्रामुख्याने मिठासारखी ओलावा ओढणारी संयुगं ढगाच्या उबदार तळाशी सोडली होती. तिथे थेंबाने थेंब गिळून मोठं व्हायचं असतं. डोंगरावरच्या हिवाळी ढगात थेंबाचा स्फटिक व्हायचा असतो. रसायन वेगळं, ढग वेगळा, तो टिकण्याचा काळही वेगळा: पावसाळी ढग तासाभरात विरतो, डोंगरावरचा ढग वारा वाहतो तोवर तिथेच बनत राहतो. त्यामुळे सोलापूरच्या प्रयोगात सांगितलेली पावसाची १८ टक्के वाढ उचलून रॉकी पर्वताला चिकटवू नये, आणि मराठवाड्यातल्या फसलेल्या उड्डाणांवरून आयडाहोलाही मोडीत काढू नये.

चूक: टक्का कशाचा, हे न विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. विकणारे आणि विरोध करणारे, दोघेही तिचा फायदा घेतात.

वायोमिंगमध्ये मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या दोन डोंगररांगांवर २००५ ते २०१४ या काळात सरकारी पैशातून मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला आकडा सगळीकडे फिरतो: बर्फात ५ ते १५ टक्के वाढ. पण ही वाढ सीडिंगला योग्य ठरलेल्या वादळांपुरती. हिवाळ्यातल्या एकूण बर्फापैकी जेमतेम ३० टक्के अशा वादळांतून पडतो. आता गुणाकार करा. प्रत्येक योग्य वादळ गाठलं असं धरलं तरी पूर्ण हंगामाची वाढ दीड ते साडेचार टक्के. पुढे तो बर्फ वितळून, जमिनीत मुरून, हवेत उडून नदीत येतो, तेव्हा आकडा आणखी खाली येतो. आणि त्याच प्रयोगात कुठल्या रांगेवर सीडिंग करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेल्या तुलनेचा मुख्य निकाल होता ३ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. "१५ टक्के बर्फ वाढला" हा मथळा आणि "काहीच सिद्ध झालं नाही" हा मथळा, दोन्ही एकाच अहवालातून काढता येतात. म्हणून टक्का ऐकला की आधी विचारायचं: एका वादळाचा, हंगामाचा, की नदीच्या प्रवाहाचा? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४च्या डिसेंबरात दिलेला वाढीचा पट्टा तर ० ते २० टक्के इतका रुंद आहे.

चूक: आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष यांची तुलना

युटाच्या विधिमंडळाने २०२३मध्ये सीडिंगसाठी १ कोटी २० लाख डॉलर एकरकमी आणि वर्षाला ५० लाख डॉलर मंजूर केले. त्याच वसंतात राज्यात बर्फसाठ्याचा विक्रम झाला. त्या पैशातली वाढीव यंत्रणा तेव्हा उभीही नव्हती. हाच योग एक वर्ष उशिरा जुळला असता, तर श्रेय कोणाला गेलं असतं हे सांगायला नको! नैसर्गिक हिवाळे एकमेकांपेक्षा दुपटीनेही वेगळे असतात. दोनचार टक्क्यांचा परिणाम त्या चढउतारात दिसेनासा होतो.

वायोमिंगवाल्यांनी यावर तोडगा काढला होता: दोन शेजारच्या रांगांपैकी कुठे सीडिंग करायचं ते चिठ्ठीने ठरवायचं, दुसरी रांग तुलनेला ठेवायची. तरीही काही वेळा सिएरा माद्रेवरचं सिल्व्हर आयोडाइड वाऱ्याबरोबर मेडिसिन बोकडे गेलं आणि तुलनेची रांगच बाटली.

सर्वांत स्वच्छ पुरावा आला तो आयडाहोच्या पेएट खोऱ्यातून, २०१७च्या जानेवारी ते मार्चमधल्या स्नोई प्रयोगातून. विमान वाऱ्याला आडवं, पुढे-मागे उडत होतं आणि जमिनीवरच्या रडारवर त्याच मार्गाच्या नागमोडी ओळी बर्फ होऊन उमटल्या. निसर्ग अशी नागमोड काढत नाही, त्यामुळे वादाला जागा उरली नाही. १९, २० आणि ३१ जानेवारीच्या तीन वेळी पडलेला जास्तीचा बर्फ मोजला, तो पाण्याच्या मापात सुमारे १ लाख २३ हजार, २ लाख ४१ हजार आणि ३ लाख ४० हजार घनमीटर भरला. आपल्या हिशेबात तिन्ही मिळून एका टीएमसीचा चाळिसावा भाग. १९ तारखेला विमान वीस मिनिटं सीडिंग करत होतं आणि बर्फ तासाभराहून थोडा जास्त वेळ पडला. सुमारे २,३०० चौरस किलोमीटरवर पसरल्यावर त्याची सरासरी खोली मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. पण हे ढग मुद्दाम असे होते की त्यांतून आपोआप फारसं काही पडत नव्हतं, म्हणून ओळी दिसल्या. जोरात बर्फ पडत असताना कुठला आपला आणि कुठला निसर्गाचा हे रडारही सांगू शकत नाही.

चूक: बर्फाची उंची मोजून खूश होणं

३० सेंटिमीटर ताजा बर्फ वितळवला तर साधारण ३ सेंटिमीटर पाणी, आणि रॉकीजच्या कोरड्या भुसभुशीत बर्फातून त्याहूनही कमी. तुलना पाण्याची करायची. शिवाय जोराच्या वाऱ्यात मापक भांड्यात बर्फ कमीच पडतो, म्हणून उघड्या कड्यावरचं भांडं आणि झाडीतलं भांडं यांचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

जनरेटर पेटलाय, बर्फ वाढत नाही: कुठे बघायचं?

विमानापेक्षा स्वस्त म्हणून बहुतेक ठिकाणी डोंगराच्या वाऱ्याकडच्या उतारावर जनरेटर ठेवतात. त्यात सिल्व्हर आयोडाइडचं द्रावण प्रोपेनच्या ज्वाळेत जळतं आणि धूर वाऱ्याबरोबर वर जाणं अपेक्षित असतं. तो वर जातोय का, हेच आधी तपासायचं. दरीत थंड हवा तळाशी आणि उबदार हवा वर असा थर बसला असेल तर धूर तिथेच कोंडतो. अशा वेळी जनरेटर आणखी उंचावर हलवावा लागतो किंवा विमान लागतं. धूर वर गेला पण ढगाचा तो भाग उणे ५ अंशांहून उबदार असेल, तरी काम होणार नाही.

यानंतर वारा. स्फटिक वाढून जमिनीवर यायला अर्धा तास धरला आणि वारा सेकंदाला १५ मीटर असला, तर बर्फ २७ किलोमीटर पुढे पडणार. म्हणजे शिखर ओलांडून, कदाचित दुसऱ्याच खोऱ्यात. जनरेटर आणि शिखर यांतलं अंतर नकाशावर ठरवून चालत नाही, वाऱ्यावर ठरवावं लागतं. आणि ढगाखाली बर्फ दिसला म्हणजे तो जमिनीवर आला असंही नाही: १३ नोव्हेंबर १९४६ला व्हिन्सेंट शेफर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळ ढगात ड्राय आइस टाकून पहिल्यांदा बर्फ पाडला, तो कोरड्या हवेत वाटेतच उडून गेला होता.

"शेजाऱ्याचा बर्फ चोरला" ही तक्रार अमेरिकेतही होते. ढगातून जाणाऱ्या वाफेचा लहानसाच भाग डोंगरावर उतरतो आणि सीडिंग त्या लहान भागात किंचित भर घालतं, त्यामुळे पलीकडे मोठी तूट पडण्याचं कारण नाही. चांदीच्या विषाबद्दल म्हणाल तर सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि एका वादळात वापरलं जातं ते काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंत. फ्लोरिडाने २०२५मध्ये यावर बंदीच आणली, पण त्यामागे विमानाच्या धुराच्या रेषांबद्दलच्या अफवांचा जोर जास्त होता.

शेवटची चूक: दुष्काळ पडल्यावर ठराव करणं

कोरड्या हिवाळ्यात योग्य ढग कमी येतात, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा संधी सर्वांत कमी. म्हणून चालू कार्यक्रम दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतात आणि चांगल्या वर्षातलं जास्तीचं पाणी धरणात राखून ठेवतात. धरण नसेल तर तो बर्फ वसंतात वाहून जातो. उलट बाजूला थांबण्याचे नियमही आधीच लिहून ठेवावे लागतात: बर्फसाठा सरासरीच्या फार वर गेला, हिमस्खलनाचा इशारा आला, किंवा साचलेल्या बर्फावर पाऊस पडून पुराची शक्यता दिसली, की जनरेटर बंद.