डाळिंबाच्या सालीने सुती कापड कसं रंगवायचं आणि ग्रुपसाठी त्याचं सॅम्पल कसं ठेवायचं

सोलापुरात डाळिंबाच्या सालीला काही तोटा नाही. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, जिकडे जाल तिकडे बागा, सोलापूर डाळिंबाला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे. तरी साल मात्र कचऱ्यात जाते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या सालीत टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) भरपूर असतं आणि सुती धाग्यावर रंग धरून ठेवायला टॅनिन फार कामी येतं, म्हणजे रंग आणि त्याची पकड दोन्ही एकाच जागी. आमच्या विणकाम-रंगकामाच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की पहिलं काम हेच देतो.

साल जमवायला जवळच्या ज्यूसवाल्याला सांगून ठेवा, तो आनंदाने देतो. आतले पांढरे पडदे राहिले तरी चालतील, दाणे मात्र काढा नाहीतर बुरशी धरते. गच्चीवर कडक वाळवून डब्यात भरली की खूप महिने टिकते.

कापड मांजरपाट घ्या, स्वस्त आणि मस्त. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे मागांच्या वस्तीत, कुणाचा कारखाना ओळखीचा असेल तर उरलेलं सूत पण मिळतं. फक्त ते शंभर टक्के सुती आहे का बघा, एक धागा जाळायचा, कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर आहे, ते सोडून द्या, त्याला हा रंग लागणारच नाही. सूत कोनवर असेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींना गुंडाळून लडी करा आणि तीन-चार ठिकाणी सैल बांधा. घट्ट बांधलं तर तिथे पांढरं राहतं आणि बांधलंच नाही तर सगळा गुंता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवीन लोक नेमकं हेच टाळतात, ते म्हणजे कापड धुणं. कोऱ्या कापडात खळ असते, कापसाचं स्वतःचं मेण असतं, ते गेल्याशिवाय रंग आत जात नाही, वरवर बसतो आणि दोन धुण्यात निघून जातो. आधी कोरडं कापड वजन करून लिहून ठेवा, पुढचं सगळं माप त्या वजनावर आहे. १०० ग्रॅम कापडाला साधारण ३ लिटर पाणी, त्यात २-३ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण, तासभर उकळायचं. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होतं, ती घाण बघून तुम्हालाच पटेल. मग स्वच्छ खळबळून घ्या. नीट धुतलंय का कळायला पाण्याचा एक थेंब टाका, लगेच शोषला तर झालं, वर मण्यासारखा राहिला तर परत उकळा. खळीची शंका असेल तर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणून एका कोपऱ्यावर थेंब टाका, निळं-काळं झालं तर खळ आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंचं आयुष्य मागावर गेलंय, त्या नुसतं बोटात धरून सांगतात, पण आपल्याला आयोडीनच बरं.

रंगाचं पाणी असं करा. १०० ग्रॅम कापडाला १०० ग्रॅम वाळलेली साल, कुटून रात्रभर भिजत, सकाळी मंद आचेवर पाऊण ते एक तास, मग फडक्याने गाळून घ्या. पातेलं स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, चमचे पण वेगळे ठेवा. लोखंडी कढई नको, रंग काळपट होतो.

ओलं कापड त्या पाण्यात घालून मंद आचेवर तासभर हलवत राहा आणि त्यातच थंड होऊ द्या. मग पिळून तुरटीच्या पाण्यात, १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम तुरटी, गरम पाण्यात विरघळवून, त्यात रात्रभर. दुसऱ्या दिवशी हलकंसं खळबळून पुन्हा सालीच्या पाण्यात अर्धा तास. छान उबदार पिवळा येतो.

करडा किंवा शेवाळी हवा असेल तर हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) लागेल, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. १०० ग्रॅम कापडाला २ ग्रॅम पुरतो, वेगळ्या बादलीत विरघळवा, रंगवलेलं कापड दोन ते पाच मिनिटं बुडवा, डोळ्यादेखत रंग पालटतो, दर वेळी बघायला तितकंच भारी वाटतं! जास्त घालायचा मोह होतो पण लोखंड जास्त झालं की सुती धागा ठिसूळ होऊन काही दिवसांनी फाटतो. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा.

शेवटी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे सालीचं पाणी फेकू नका, त्यातच दुसरं कापड टाकलं की फिकट छटा मिळते. उरलेला चोथा झाडांना.

आता सॅम्पल. नुसता फोटो टाकून 'मस्त रंग आला' म्हटलं तर दुसऱ्याला काहीच करता येत नाही, मोबाईलमध्ये पिवळा वेगवेगळाच दिसतो. म्हणून कापडाचा तुकडा कार्डावर स्टेपल करा आणि खाली कापडाचं वजन, सालीचं वजन, तुरटी किती, हिराकस किती, किती वेळ, आणि पाणी उजनी धरणाचं (नळाचं) की बोअरचं, हे लिहाच. बोअरच्या जड पाण्यात छटा बदलते, दोन घरांत एकाच मापाने वेगळा रंग येतो तो बहुतेक यामुळेच. अजून एक तुकडा अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर पंधरा दिवस ठेवा, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात जो रंग टिकला तोच कामाचा. हळदीचं सॅम्पल शेजारी ठेवून बघा, ती किती पटकन उडते ते कळेल, म्हणून साडी-ओढणीला हळद मी कुणालाच सुचवत नाही.

हे जमलं की पुढे करडई. आपल्याकडे रब्बीत असतेच, फुलं सुकायला लागली की पाकळ्या गोळा करून ठेवा. साध्या पाण्यात वारंवार चोळून पिवळा रंग आधी काढून टाकायचा, मग पाकळ्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कालवून गाळायचं, गाळलेल्या पाण्यात लिंबू हळूहळू पिळत जायचं आणि कापड बुडवायचं, गुलाबी येतो. सगळं थंड पाण्यात, गरम केलं की तो लाल रंग गेलाच. उन्हात तो फार टिकत नाही, तेव्हा रोज वापरायच्या कापडाला नको, उशीचा अभ्रा किंवा आतलं अस्तर एवढ्यालाच वापरा.