नाळ कापायची घाई नको: पहिल्या तीन मिनिटांत काय करायचं

बाळ बाहेर आलं की लगेच नाळेला चिमटा (क्लॅम्प) लावायची सवय लेबर रूममध्ये अजून सुटलेली नाही. बाळ रडतंय, श्वास नीट आहे, तर किमान 1 मिनिट थांबा. 3 मिनिटं मिळाली तर फारच छान. वारेतलं (प्लॅसेंटातलं) रक्त बाळाचंच असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात त्यातलं साधारण 80 मिली मिळतं, तिसऱ्यापर्यंत 100च्या आसपास. त्यातलं लोह पुढचे काही महिने बाळाला पुरतं. आईचंच रक्त कमी असेल, तर ही शिदोरी मुळीच वाया घालवू नये.

बाळाला आईच्या पोटावर ठेवून पुसा, ओला टॉवेल काढून सुका पांघरा, टोपी घाला. बाळ पूर्ण बाहेर आल्यापासून वेळ मोजायची, तीही घड्याळावर. गडबडीत अर्धं मिनिटही दोन मिनिटांसारखं वाटतं, म्हणून एकीने वेळ मोठ्याने सांगावी. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे चाचपून मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं औषध) 10 युनिट आईच्या मांडीत द्या. इंजेक्शनसाठी नाळ कापावी लागत नाही.

दोन जोड हातमोजे घातले असतील तर वरचे काढा आणि बेंबीजवळ नाळ दोन बोटांत धरा. आधी ती निळसर, टणक, ठोके देणारी लागते. मग ठोके थांबतात आणि ती पांढुरकी, लुळी पडते.

क्लॅम्प लावण्याआधी नाळेचं मूळ पाहा. तिथे फुगवटा असेल तर आत आतडं असू शकतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय क्लॅम्प लावू नका. सगळं ठीक असेल तर बेंबीपासून 2 सेंमीवर क्लॅम्प, 5 सेंमीवर फोर्सेप्स (नाळ दाबून धरणारी पकड), आणि मधे निर्जंतुक कात्री. रक्त झिरपलं तर क्लॅम्प आणि कातडी यांच्यामध्ये आणखी एक गाठ बांधा. हळद, तेल, राख, पावडर काहीही लावायचं नाही. लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा.

पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर थांबू नका: नाळ कापा, वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर) न्या, पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने (फुगा-मुखवट्याने) श्वास द्यायला सुरू करा. आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल किंवा नाळ तुटली असेल, तरीही थांबायचं नाही. मानेभोवती वेढा असेल तर शक्यतो सैल करून डोक्यावरून काढा.

कमी दिवसांच्या बाळाला थांबण्याचा फायदा जास्तच. पण 28 आठवड्यांच्या आतल्या बाळाची नाळ पिळून रक्त ढकलू नका, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

थांबल्यामुळे काविळीची शक्यता थोडी वाढते. पहिले काही दिवस उजेडात बाळाचा रंग पाहत राहा, आणि नाळ किती मिनिटांनी कापली ते केसपेपरवर लिहा.