कऱ्हाड आणि कर्‍हाड

शीर्षकात एकच गाव चुकून दोनदा छापलंय असं वाटेल. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, मलाही दिसत होती. डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी गावं वाटत होती, आणि त्यापायी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला पुण्याहून एसटीनं सातारा जिल्ह्यात जावं लागलं.

काम साधं होतं. एका पतसंस्थेचं सभासद रजिस्टर आणि पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवींचा, हिशोब वेबवर आणायचा. पीएचपी, मायएसक्यूएल आणि वर थोडं जावास्क्रिप्ट. आमच्या ऑफिसात सगळं झकास चालत होतं. का नाही चालणार? टेबलात 'टेस्ट टेस्ट' आणि 'एबीसी' असे दोनच सभासद राहत होते, आणि दोघांचं गाव पुणे.

लाइव्ह गेल्यावर चौथ्या दिवशी काउंटरवरच्या मॅडमचा फोन आला. "सर, कऱ्हाडचे निम्मे सभासद गायब झालेत." मी नवशिक्याचं ठरलेलं उत्तर दिलं : कॅश क्लिअर करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी बॉस म्हणाला, "फोनवर काय बघतोस, जाऊन ये."

गेलो. मॅडमच्या मागे स्टूल टाकून तासभर नुसता बसलो. त्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवर टाइप करायच्या. शिफ्ट धरून 'जे' दाबलं की 'ऱ' उमटायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षर-यादीत, हे एक स्वतंत्र अक्षर आहे. जुना डेटा मात्र दुसऱ्या शाखेतल्या मुलानं भरलेला, रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्या साधनानं. त्या साधनाचा 'ऱ्ह' वेगळ्या रीतीनं बनत होता : साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि मग ह. मी ब्राउझरचा कन्सोल उघडून दोन्ही शब्दांची लांबी विचारली. एकाची ६ आली, दुसऱ्याची ७. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आमचं काही चुकलं नव्हतं ना?" नव्हतं. पुण्यात बसून मला हे महिनाभर सापडलं नसतं.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची नॉर्मलायझेशनची सोय इथे कामाला येत नाही, ती या दोन रूपांना एक मानत नाही. 'ॲ'चंही तेच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि अनेक ठिकाणी अजून भागवतात. त्यामुळे एक 'ॲड.' (ॲडव्होकेट) सापडतो, दुसरा दडून बसतो. मी शेवटी केलं ते असं : मूळ नाव माणसानं लिहिलं तसंच ठेवलं, त्याला हात लावला नाही, आणि शोधण्यासाठी वेगळा कॉलम केला, ज्यात सगळी रूपं एकाच साच्यात ओतली. शोधायला आलेला शब्दही त्याच साच्यातून काढायचा.

पण हे शहाणपण नंतरचं. आधी मी घाईघाईत थेट लाइव्ह डेटाबेसवर गावाचं नाव दुरुस्त करायला गेलो आणि अपडेटच्या क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या हुकमात) 'व्हेअर', म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, लिहायला विसरलो. एका एंटरसरशी अख्खी पतसंस्था कऱ्हाडची रहिवासी झाली. पाटणचे, उंब्रजचे, कोरेगावचे, सगळे. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. सकाळपासूनच्या नोंदी मॅडमनी कागदी पावत्या वाचून दाखवल्या आणि मी पुन्हा भरल्या. त्यांनी त्यावर चहाही पाजला, हे जास्त लागलं.

तेव्हापासूनची सवय : आधी तीच 'व्हेअर' लावून सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी क्वेरी) चालवायचं, किती ओळी येतात ते मोजायचं, मग ट्रान्झॅक्शन उघडून अपडेट, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल कायम. मायएसक्यूएलच्या कमांड-लाइनला 'सेफ-अपडेट्स' असा एक पर्याय आहे, तो असली बेफाम क्वेरी चालूच देत नाही. त्याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव 'आय-ॲम-अ-डमी' असं आहे. मी तो लावतो. लाज वाटत नाही.

पिग्मीची गोष्ट वेगळी. एक एजंट भाजी मंडईत पहाटे वसुली करायचा आणि त्याची तक्रार अशी की "माझे रोज थोडे पैसे कालच्या तारखेला पडतात." रोज, पण थोडेच. मी दोन दिवस बेरजा तपासत बसलो. मग नोंदींच्या वेळा लावून पाहिल्या : साडेपाचच्या आधीच्या सगळ्या चुकीच्या, नंतरच्या सगळ्या बरोबर. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होता, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपली पहाटेची पाच म्हणजे त्याची आदल्या रात्रीची साडेअकरा. आम्ही सगळे दहाला ऑफिसात येणारे, त्यामुळे आमच्या टेस्टिंगमध्ये हा बग दिसणं शक्यच नव्हतं. आता वेळ यूटीसीतच साठवतो, पण 'आजची तारीख' ठरवताना भारतीय वेळ लावूनच ठरवतो.

याच एजंटच्या मोबाइलवर रेंज जेमतेम. बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्यानं पुन्हा दाबलं, आणि एकाच भाजीवालीच्या नावावर दोन पावत्या. मी बटण पहिल्या दाबानंतर बंद करून टाकलं आणि खूश झालो. आठवड्यानं परत तेच, कारण आता तो पान रिफ्रेश करून पुन्हा भरत होता. बरोबर उत्तर सर्व्हरवर होतं. फॉर्म उघडतानाच त्याला एक अनन्य क्रमांक द्यायचा, पहिली विनंती पोचली की नाही हे कळेपर्यंत फोननं तोच क्रमांक धरून ठेवायचा, आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स लावायचा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा शिरूच शकत नाही. मग कितीही वेळा दाबा, पावती एकच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो; प्रत्येक फॉर्म एकदा तसा भरून बघा, बरंच काही उघडं पडतं.

रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांमध्ये साठवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवलेत तर ०.३०००००००००००००००४ येतं; पतसंस्थेत हा शेवटचा ४ कुणाला समजावून सांगणार?

नवीन मुलं मला हटकून विचारतात, "दादा, रिॲक्ट शिकू की अँग्युलर?" दोन्ही वेबपानं बांधायची साधनं. कुठलंही शिका, नोकरी ज्यात मिळेल ते सहा महिन्यांत येतंच. त्याआधी एसक्यूएल नीट शिका, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एचटीटीपीची विनंती जाते-येते कशी ते बघा, आणि एरर लॉग शेवटच्या ओळीपासून नव्हे, जिथे पहिली चूक नोंदली गेली तिथून वाचा. स्टॅक ओव्हरफ्लो असो की एआय, तिथून उचललेला कोड निदान एकदा स्वतःच्या हातानं टाइप करा. मला हे शिकवणारं कुणी नव्हतं असं मी म्हणणार नाही; सीनियर सांगायचे, मी ऐकत नव्हतो.

आता प्रत्येक नव्या प्रोजेक्टला मी आधी टेस्ट डेटाची एक फाइल टाकतो. 'टेस्ट टेस्ट' तिच्यात नाही. त्यात दोन्ही कऱ्हाड आहेत, दोन्ही ॲडव्होकेट आहेत, वसईचे डि'सोझा आहेत (त्या एका अवतरणचिन्हानं कच्च्या क्वेऱ्या पटापट मोडतात), आडनावच नसलेली एक आजी आहे, २९ फेब्रुवारीला जन्मलेला एक जण आहे. आणि तीन सुनील पवार आहेत, तिघांची जन्मतारीख १ जून. नाव आणि जन्मतारीख जुळली की डुप्लिकेट समजून खाती एकत्र करायची, असा नियम मी एकदा लिहिला होता. मॅडमनी तो चालवण्याआधी विचारलं, "सर, तुमच्या गावाकडं शाळेत नाव घालताना गुरुजी काय तारीख लिहायचे?"