छोटी चौकट उघडताच रेकॉर्डिंग काळे पडणे: माझा अनुभव

आमच्या सभागृहातील प्रेझेंटेशन स्विचरवर (कॅमेरा, लॅपटॉप यांची चित्रे निवडून पुढे पाठवणारे यंत्र) कॅमेऱ्याच्या चित्रात लॅपटॉपच्या स्लाइड पिक्चर-इन-पिक्चरने, म्हणजे छोट्या चौकटीत, घेतल्या, की प्रोजेक्टरवर सर्व नीट दिसे, पण रेकॉर्डरकडे जाणारे चित्र कॅमेऱ्यासकट काळे होई. केबल बदलली, रिझोल्यूशन १०८०पी केले, स्विचर रीसेट केला. दोन संध्याकाळी वाया गेल्या. दोष एचडीसीपीचा, म्हणजे एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाचा, निघाला: चौकटीतला एकच स्रोत संरक्षित असला, तरी स्विचर संपूर्ण मिश्र चित्र संरक्षित ठरवतो आणि ते रेकॉर्डरला नाकारतो. आधी चौकट बंद केली, मेनूतून लॅपटॉपच्या इनपुटचे एचडीसीपी ‘ऑफ’ केले, लॅपटॉपची एचडीएमआय केबल काढून १० सेकंदांनी पुन्हा जोडली (नुसते ‘ऑफ’ करून काहीच बदलले नव्हते) आणि स्लाइड पूर्ण पडद्यावर दिसल्यानंतरच चौकट सुरू केली. संरक्षित चित्रपट मात्र आता या इनपुटवरून दिसत नाहीत.